जुना ऑटोकोलिमेटर आणि 2,10,300 रुपयांचा चुना

जुना ऑटोकोलिमेटर घेतला, म्हणजे समोरच्या आरशावर किरण टाकून त्याचा बारीकसा कल मोजणारी दुर्बिणीसारखी नळी. किंमत 1,75,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 31,500. पॅकिंग-भाडं 3,800. एकूण 2,10,300 रुपये. त्यातले 50,000 आगाऊ आणि 1,60,300 माल बघून दिले. होय, बघून! त्यामुळे "न बघता पैसे टाकले असतील" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

"बंद पडलेल्या टूलरूमचा माल, इम्पोर्टेड, सर्टिफिकेटसकट" ही टेप कोल्हापूरच्या उद्यमनगरपासून कागलपर्यंत सगळ्यांनी ऐकलेली आहे, ती परत वाजवत नाही. या वेळची चलाखी नवी आहे. यंत्र चालतं. क्रॉस, म्हणजे आरशावरून परत आलेली फुलीची खूण, सुईसारखा स्पष्ट दिसतो, शून्य जागेवर येतं, दहा वेळा रीडिंग घेतलं तर दहाही वेळा तेच येतं. फक्त ते खोटं असतं.

आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, आणि क्रॉस सरकतो तो लेन्सच्या फोकल लांबीच्या हिशेबात. 500 मिमीची लेन्स असेल तर कोनाच्या एका सेकंदाला (अंशाचा 3600 वा भाग) 4.85 मायक्रॉन. रीडिंग घ्यायच्या ड्रमवरच्या रेघा त्याच हिशेबाने कोरलेल्या असतात. मूळ लेन्स बुरशीने किंवा बाल्सम (लेन्सच्या काचा जोडणारा डिंक) सुटून गेली की हे लोक दुसऱ्याच कुठल्यातरी उपकरणातली 460 मिमीची लेन्स बसवतात आणि फोकस नीट जुळवतात. आता सेकंदाला 4.46 मायक्रॉनच सरकतं, ड्रम मात्र जुनाच. म्हणजे प्रत्येक रीडिंग 8 टक्के कमी. खरं 21.5 मायक्रॉन वाकडं असलेलं मशीनचं बेड 19.8 दाखवतं आणि 20 च्या मर्यादेत पास होतं. गिऱ्हाइकाच्या लेसरवर ते उघडं पडतं आणि शिव्या आपण खातो.

खटकायला हवं होतं ती जागा आजही डोळ्यांसमोरून जात नाही. डेमोत 100 मिमीचा साईन बार (दोन रोलरांवरची, हवा तो कोन तयार करायची पट्टी), एका रोलरखालची 1.00 मिमीची स्लिप (नेमक्या जाडीचा ठोकळा) काढून 1.01 ची घातली. हिशेबाने 20.6 सेकंद यायला हवेत. आले 19. विक्रेता लगेच म्हणाला, "साहेब, एसी बंद आहे, टेंपरेचरचा फरक." आणि ते पटण्यासारखंच होतं! दीड सेकंद म्हणजे 100 मिमीवर पाऊण मायक्रॉन. स्लिप नीट घट्ट चिकटून बसली नाही किंवा धुळीचा कण अडकला तरी एवढा फरक पडतो. कुठलाही जाणकार तिथे मान डोलावेल. विक्रेत्याला हे माहीत होतं, म्हणून तर त्याने 0.01 चाच फरक घेतला. 1.00 च्या जागी 1.10 घातली असती तर 206 ऐवजी 190 दिसले असते, आणि 16 सेकंदांची धूळ जगात नसते. मोठा कोन द्यायला लावा. नाही म्हटला तर चहा पिऊन उठा.

दुसरी खूण तर नळीच्या तोंडातच होती. लेन्स तोंडापासून जवळपास चार सेंटिमीटर आत, 500 आणि 460 मधला फरक तोच. विचारलं तर उत्तर तयार: "बाहेरचा उजेड अडवायला तसंच असतं." लेन्स धरणाऱ्या रिंगच्या खाचा बघा, चिमट्याने ओरबाडलेल्या, पितळ चमकतंय, तर आत हात गेलेला आहे.

सोबतचा आरसाही तसलाच. मागून पारा लावलेली काच, त्यामुळे एक ठळक आणि एक फिकट असे दोन क्रॉस. पुढून कोटिंग हवं. पेन्सिलीचं टोक न टेकवता अगदी जवळ न्या. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीएवढी फट राहिली तर परत द्या.

सर्टिफिकेटवर यूएलआर नंबर (मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक) होता, शिक्का होता. पण रीडिंगचा तक्ता नाही, अनिश्चितता नाही, नुसतं "±0.5 सेकंद, समाधानकारक". त्या प्रयोगशाळेचा स्कोप (कशाकशाच्या तपासणीची मान्यता आहे ती यादी) एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या साइटवर उघडला तर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. कोन हा विषयच नाही. बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला, म्हणजे आपल्या करातून वळते करून घ्यायचं 31,500 चं क्रेडिटही बुडालं. दोन्ही गोष्टी मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येतात. आगाऊ रक्कम देण्याआधी बघा, नंतर नाही.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. ठाण्यात पहिला प्रश्न: "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?" अर्ध्या तासाच्या समजुतीनंतर पोचपावतीवर काय लिहिलं, तर "जुनी दुर्बीण खरेदी वाद". दिवाणी आहे, वकील गाठा. सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँक म्हणते, ओटीपी तुमचाच. जीएसटीत गेलो तर विक्रेता दुसऱ्या हद्दीतला. वैधमापनवाल्यांनी वजनकाट्यांचं रजिस्टर दाखवलं. ग्राहक आयोगाचं दार तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेच लावून घेतलंय, कारण खरेदी धंद्यासाठी. कर भरताना आम्ही उद्योजक, लुटले गेलो की दुर्बीणवाले! बनावट सर्टिफिकेट हातात धरून उभं राहिलं तरी ते कुणाला दिसत नाही.

तरी तक्रार लेखीच द्या. त्यात "यंत्र खराब निघालं" लिहू नका, तिथेच ती दिवाणी होते. "बनावट प्रमाणपत्र दाखवून पैसे घेतले" असं लिहा, भारतीय न्याय संहितेची 318 (फसवणूक) आणि 336 (बनावट दस्तऐवज) ही कलमं घाला. ठाण्याने नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, आणि तिथूनही काही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्याच्या तासा-दोन तासांत; नंतर खातं धुतलेलं असतं.

जाहिरात अजून चालू आहे, नंबर बदलून. फोटोत राखाडी हॅमरटोन (हातोडीने ठोकल्यासारखा खडबडीत दिसणारा) रंगाची नळी, पाया नव्याने रंगवलेला, लेन्स आत खोल. समोरून फोटो मागितला की तो बाजूनेच काढून पाठवतो.