अँकीवर जर्मन शब्द : आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले रोज अँकी वापरतेय, जर्मन शब्दांसाठी. मी नर्स आहे, जर्मनीत जायचं तर बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते, आणि वहीत दोन रकाने आखून पाठ केलेले शब्द एका नाइट ड्यूटीनंतर साफ उडून जायचे, म्हणून क्लासमधल्या एका मैत्रिणीने हे ॲप सांगितलं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, आयफोनवर एकदा पैसे भरावे लागतात.

ॲप एवढंच करतं की शब्द विसरायच्या बेतात आला की परत विचारतं. आधी उद्या, मग चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने. आपण किती भराभर विसरतो हे हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानेच निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून मोजलं होतं, 1885 साली छापलंय त्याने, मूळ विचार तोच.

पण पहिला दीड महिना वाया गेला. तयार डेक, म्हणजे शब्द-अर्थाच्या कार्डांचा गठ्ठा, घेतला, हजारो शब्द, अर्थ सगळे इंग्रजीत, आणि रोज 20 नवीन शब्द हे ॲपचं सेटिंग तसंच राहू दिलं. गणपतीला पाच दिवस गावी गेले, परत येऊन बघते तर सहाशेच्या वर कार्डं साचलेली. खरंच रडू आलं. मग तो डेक काढून टाकला आणि कार्डं स्वतः करायला घेतली, रोज आठच, अर्थ मराठीत. फरक तिथून पडला.

जर्मनमध्ये खरा त्रास डेअर-डी-डासचा, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणाऱ्या शब्दांचा. क्लासमध्ये इंग्रजीतून शिकवतात त्यामुळे सुचतच नाही की अरे, आपल्याकडे तो-ती-ते आहेच की! डास बूख, ते पुस्तक. डास हाउस, ते घर. डास किंट, ते मूल. डास वासर, ते पाणी. डास गोल्ड, ते सोनं. हे असे जुळणारे शब्द लगेच बसले. मग वेगळी मेहनत फक्त न जुळणाऱ्यांवर : सूर्य तो पण डी झोनं, सुरी ती पण डास मेसर, दूध ते पण डी मिल्श. यांची कार्डं मी लाल अक्षरात केली. श्लांगं म्हणजे साप आणि रांगसुद्धा, त्यावर ओपीडीबाहेरच्या वळत गेलेल्या रांगेचं चित्र काढून लावलं, श्लांगं-रांग यमकही जुळतं, कधीच विसरले नाही.

क्रियापदं मात्र सुटी घालू नका. आनरूफन म्हणजे फोन करणं हे पाठ असून उपयोग नाही, कारण वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात, इश रूफं डिश मॉर्गन आन, आणि तो 'आन' पार शेवटी जातो. पूर्ण वाक्यच कार्डावर हवं. आणि शब्द आठवला नसेल तर 'अगेन' हेच बटण दाबा. मी कितीतरी दिवस 'हार्ड' दाबत होते, पण ॲप त्याला आठवलं असंच धरतं आणि तो शब्द लांबणीवर टाकतं.

आता तेराशेच्या आसपास कार्डं झालीत, रोज पंधरा-वीस मिनिटं, बहुतेक बसमध्ये. ऐकायची सवय यातून होत नाही, त्यासाठी मी जर्मन बातम्या वेगळ्या ऐकते. बोलणंही अजून सावकाशच आहे. पण परवा क्लासमध्ये नर्स-पेशंटचा संवाद होता, त्यात डेअर ब्लूटड्रुक आलं, ते सोपंच, आपलाही रक्तदाब तोच, पण पाठोपाठ डास फीबरही न अडखळता आलं, आपल्याकडे ताप तो असूनही.