शाळा चांगली आहे, पण डोक्यावरच्या केसांपाशी येऊन अडते (चार वर्षांचा अनुभव)

माझी दोन्ही मुलं या शाळेत आहेत, मुलगा आठवीत आणि मुलगी सहावीत, आमचं चौथं वर्ष चालू आहे. शाळेचं नाव लिहीत नाहीये, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही आणि असेच नियम थोड्याफार फरकाने बऱ्याच शाळांत असतात. ॲडमिशनच्या आधी कोणाच्या वाचनात आलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहितेय, जरा मोठं होणार आहे.

आधी चांगलं सांगते. शिकवणं उत्तम, गणिताच्या सरांमुळे माझ्या मुलाची भीती गेली, लायब्ररी रोज उघडी असते, ग्राउंड वापरू देतात. युनिफॉर्मबद्दलही माझी तक्रार नाही, उलट मला युनिफॉर्म आवडतो. सकाळी काय घालू म्हणून भांडण नाही, कोणाच्या घरी किती पैसा आहे ते कपड्यांवरून कळत नाही, मोठ्याचा शर्ट धाकटीला होतो, आणि शाळेचा बॅज वेगळा मिळतो त्यामुळे साधा शर्ट कुठूनही घ्या आणि बॅज शिवून टाका. संध्याकाळी घरी आलं की युनिफॉर्म काढून ठेवता येतो, विषय संपला. केस तसे काढून ठेवता येत नाहीत ना! शाळेने सांगितलं म्हणून कापलेले केस रविवारी पण कापलेलेच असतात, सुट्टीत पण, मावशीच्या घरी पण. म्हणून मला वाटतं कपड्यांचा नियम आणि शरीराचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्या शाळेच्या हँडबुकात त्या एकाच पानावर एकाच सुरात लिहिल्यात.

मुलीचं आधी. तिचे केस कुरळे आहेत, चांगलेच कुरळे. हँडबुकात लिहिलंय 'केस चापूनचोपून बसवलेले असावेत' आणि पाचवीत असताना तिच्या डायरीत तीन वेळा रिमार्क आला की केस न विंचरता शाळेत येते. मी रोज तिचे केस ओले करून, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवते, वीस मिनिटं जातात. कुरळे केस कोरडे विंचरले की फुलतात आणि तुटतात, चापून बसत नाहीत, ही गोष्ट ज्याच्या घरात कुरळे केस नाहीत त्याला माहीतच नसते. क्लास टीचरना भेटून सांगितलं तर त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, सॉरी म्हणाल्या, रिमार्क बंद. पण यावर्षी टीचर बदलल्या आणि पहिल्याच आठवड्यात परत तोच रिमार्क! कारण बाई समजूतदार होत्या पण वाक्य हँडबुकात तसंच राहिलं. ते वाक्य लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सरळ केस होते, बाकी काही नाही.

हा प्रकार आपल्याच शाळेत आहे असंही नाही. जपानमध्ये ओसाकाच्या एका शाळेने जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलीला ते काळे रंगवायला लावले, तिने २०१७ मध्ये कोर्टात दावा लावला, २०२१ मध्ये कोर्टाने तिला भरपाई दिली पण नियम मात्र बेकायदेशीर ठरवला नाही. टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी केस काळे रंगवायला लावण्याचा नियम २०२२ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला की कृष्णवर्णीय मुलांच्या नैसर्गिक केसांवरून आणि त्यांच्या वेण्यांवरून भेदभाव करायचा नाही. मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की मग त्या जपानच्या मुलीने नंतर शाळा पूर्ण केली का. तिला कोर्टापेक्षा वर्गाची काळजी होती.

आता मुलाचं, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हा रिव्ह्यू आहे. माझ्या बहिणीची केमो झाली, तिचे केस गेले, आणि विग मिळाला तेव्हा ती पहिल्यांदा घराबाहेर पडली हे याने पाहिलं. सातवीच्या सुरुवातीला म्हणाला, आई, मी केस वाढवतो आणि देतो. कोणी शिकवलं नव्हतं. केस घेणाऱ्या संस्था साधारण ८ ते १४ इंच मागतात, आम्ही निवडलेली १२ मागते, आणि केस महिन्याला अर्धा इंच वाढतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचं काम. हँडबुक म्हणतं मुलांचे केस कानाला आणि कॉलरला टेकता कामा नयेत. मुलींचे कमरेपर्यंत असले तरी चालतात, बांधलेले हवेत एवढंच.

केस कॉलरला टेकले आणि रिमार्क सुरू झाले. मग ऑफिसने एक फॉर्म दिला, 'ड्रेस कोडमधून सवलत'. त्यात दोन कॉलम. एक वैद्यकीय कारण, त्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट. दुसरा धार्मिक कारण, त्याला धर्मगुरूंचं पत्र, आणि त्या पत्रात ही गोष्ट धर्मात सक्तीची आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तिसरा कॉलम नाही. ऑफिसातल्या ताई स्वभावाने चांगल्या आहेत, मला म्हणाल्या, मॅडम धार्मिकवर टिक करा ना, पुढचं मी बघते. माझा हात खरंच थांबला होता हो फॉर्मवर, कारण मुलाला रोज ऐकून घ्यावं लागत होतं. पण तो शेजारीच उभा होता, म्हणाला, आई खोटं लिहून वाढवायचे असतील तर मी कापतो. मग मी फॉर्म कोराच परत दिला आणि मागच्या बाजूला हाताने सगळं कारण लिहिलं.

धर्माच्या कारणासाठी तरी हा फॉर्म नीट चालतो का? अर्धा चालतो. मुलाच्या वर्गात पटका बांधणारा एक शीख मुलगा आहे, त्याला पहिल्या दिवसापासून कोणी काही विचारलं नाही, गणवेशाच्या रंगाचा पटका, बस्स. याबद्दल शाळेचं मनापासून कौतुक, कारण हे सगळीकडे आपोआप झालेलं नाही, ब्रिटनमध्ये एका शीख मुलाला पगडी आणि लांब केसांमुळे ॲडमिशन नाकारली होती आणि ते प्रकरण १९८३ मध्ये पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) गेलं तेव्हा मुलाच्या बाजूने निकाल लागला. पण डोक्याला स्कार्फ बांधणाऱ्या एका मुलीची परवानगी मात्र अख्खी टर्म लटकली. तिची आई मला गेटवर भेटली, तिचं बोलणं मी विसरणार नाही. म्हणाली, आमच्या घरात मी स्वतः बांधत नाही, ही बांधते, तिला हवंय म्हणून, आता सक्तीचं आहे असं मी कोणाकडून लिहून आणू?

हे ऐकल्यावर मला त्या फॉर्मची खरी खोट कळली. मुलीने स्वतः निवडलेली गोष्ट सक्तीची आहे असं सिद्ध केलं तरच शाळा मान्य करणार, आणि माझ्या मुलाने स्वतः निवडलेल्या गोष्टीला तर जागाच नाही. दोघांच्या बाबतीत एकच प्रश्न कोणी विचारत नाही, की बाळ, तुला हे का हवंय?

मुलाच्या परवानगीसाठी शाळेत मीटिंग होती, तिच्या आधी मी दोन-तीन रात्री बसून निकाल वाचले, समजतील तेवढे. साउथ आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेत तमिळ हिंदू मुलीच्या नाकातल्या चमकीवरून वाद झाला, शाळेचं म्हणणं हे काही धर्मात सक्तीचं नाही, आणि २००७ मध्ये तिथल्या कॉन्स्टिट्यूशनल कोर्टाने सांगितलं की सक्तीचं नसलं, स्वेच्छेने पाळलेलं असलं, तरी त्याला संरक्षण आहे. आपल्याकडे कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात हायकोर्टाने मार्च २०२२ मध्ये हिजाब ही धर्मातली अत्यावश्यक प्रथा नाही म्हणून बंदी कायम ठेवली, आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्यायमूर्ती हेमंत गुप्तांनी बंदी योग्य मानली, न्यायमूर्ती सुधांशू धुलियांनी म्हटलं की अत्यावश्यक आहे का हे बघायची गरजच नव्हती, हा निवडीचा प्रश्न आहे. मला कायदा कळत नाही पण हे दुसरं म्हणणं आई म्हणून लगेच पटलं. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक दिसणारी सगळीच धार्मिक चिन्हं बंद केली, तिथे निदान सगळ्यांना एकच नियम असं म्हणतात, पण छोटं लॉकेट शर्टाच्या आत जातं आणि पगडी जात नाही, मग एकच नियम सगळ्यांना सारखा कसा लागला?

मीटिंगमध्ये व्हाइस प्रिन्सिपल सरांनी तीन मुद्दे मांडले, शिस्त, लॅबमधली सेफ्टी, आणि उद्या सगळेच वाढवतील. सेफ्टीचं मला शंभर टक्के मान्य, बर्नरजवळ मोकळे केस नकोतच, पण मुलींना तिथे जे सांगता तेच याला सांगा. मी त्यांना अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ग्रीन्सबर्गचा खटला दाखवला, बास्केटबॉल टीममधल्या मुलांनी केस आखूड ठेवायचे आणि मुलींच्या टीमला तसा नियम नाही, २०१४ मध्ये अपील कोर्टाने हा भेदभाव आहे म्हटलं. सगळीकडे असंच होतं असं नाही हेही मी स्वतःच सांगितलं, टेक्सासमध्ये केसांच्या वेण्यांच्या लांबीवरून एका मुलाचं ते शालेय वर्ष बहुतेक वर्गाबाहेर गेलं आणि २०२४ मध्ये तिथल्या जजने शाळेच्या बाजूने निकाल दिला. सर म्हणाले, मॅडम कोर्टाच्या गोष्टी इथे कशाला. मी म्हटलं, सर धमकी द्यायला नाही आणल्या, आपल्यासारख्याच शाळा आणि आपल्यासारख्याच आया यावर आधी बोलून गेल्यात एवढंच दाखवायला आणल्या. उद्या सगळेच वाढवतील यावर मुलगाच बोलला, की सर वाढवू देत, तेवढे विग होतील. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

परवानगी मिळाली. केस मागे बांधायचे, लॅबमध्ये टोपी, आणि दान करेपर्यंतच. अटी रास्त आहेत, तो पाळतो. पण हे व्हायला सात आठवडे लागले आणि त्या काळात त्याला दोनदा प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं, एकदा गणिताचा तास बुडाला, आणि एका सरांनी वर्गात त्याला मुलीच्या नावाने हाक मारली. शेवटच्या गोष्टीची मी लेखी तक्रार केली आहे आणि तिचं उत्तर अजून आलेलं नाही. केसाच्या लांबीने वर्गातल्या कोणाचा अभ्यास बिघडला नव्हता, त्या हाकेने मात्र माझ्या मुलाचे चार दिवस गेले.

ॲडमिशन घेत असाल तर शिकवण्यासाठी जरूर घ्या. फक्त आधी ऑफिसातून हँडबुकचं ड्रेस कोडचं पान आणि तो सवलतीचा फॉर्म मागून घ्या, तुमच्या मुलाचे केस कसे आहेत, घरात काय पाळतात, मुलाला स्वतःला काय हवंय ते सगळं त्यात बसतं का बघा. बसत नसेल तर पहिल्या दिवसाच्या आधी लेखी विचारा, मी विचारलं नव्हतं.

अभ्यासाला पाचपैकी पाच, ड्रेस कोडला दोन. काल मोजले तर त्याचे केस ९ इंच झालेत, अजून साधारण सहा महिने. या टर्मला फॉर्म नव्याने छापून आलाय, मी एक कॉपी मागून घेतली, कॉलम अजून दोनच आहेत. तिसरा आला की मी इथे येऊन स्टार वाढवेन.