पिल्लं वेगळ्या खुराड्यात, की त्याच खुराड्यात जाळीआड?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखालून पिल्लं निघाली की पहिले दोन दिवस पोटातल्या बलकावर निभतं, खाद्याची घाई नसते. बाकीच्या कोंबड्या पिल्लांना टोचतात, त्यांचा बंदोबस्त मात्र त्याआधीच झालेला हवा. धड चालणारे रस्ते दोन: आईसकट पिल्लं पार वेगळ्या खुराड्यात हलवायची, किंवा आहे त्याच खुराड्याचा कोपरा जाळीने अडवायचा. दोन्ही करून पाहिले आहेत.

वेगळ्या खुराड्याइतके निवांत पहिले पंधरा दिवस दुसऱ्या कशात जात नाहीत. खुडुकीच्या खोक्यात इतर कोंबड्या अंडी घालायला घुसत नाहीत, चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, पिल्लांच्याच पोटात जातं आणि पिल्लं लेयर खाद्याला, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याला, चोच लावत नाहीत. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. लेयर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियमचा भार त्यांच्या मूत्रपिंडांवर येतो.

माझं घोडं अडलं ते परत आणताना. आई 21 दिवस अंड्यांवर आणि पुढे पाच-सहा आठवडे पिल्लांत, म्हणजे जवळपास दोन महिने कळपाबाहेर. तोवर तिची जागा दुसरीने घेतलेली असते. सोडल्याबरोबर मानेची पिसं फुलवून दोघी समोरासमोर उभ्या राहतात. आईचं सगळं लक्ष समोरच्या चोचीवर आणि पिल्लं तिच्या पायांत. तेवढ्यात तिसरी मागून येऊन एखाद्याची टाळू धरते. टाळूवर रक्त दिसलं की बाकीच्याही नेमक्या तिथेच टोचतात. रात्री अंधारात आणून ठेवलं, खाद्य दोन-तीन ठिकाणी मांडलं, तर भांडण कमी होतं. टळत नाही, निदान मी तरी टळलेलं पाहिलेलं नाही.

जाळीच्या पद्धतीत हा दुसरा तंटा जवळपास उरतच नाही, कारण आई कळपाच्या नजरेआड जातच नाही. त्रास सगळा सुरुवातीला आहे, आणि तो जाळी चुकीची घेतल्यामुळे होतो. एक इंची षटकोनी जाळीतून नुकतं जन्मलेलं पिल्लू सहज निसटतं, किंवा डोकं बाहेर काढतं आणि पलीकडची टपूनच असते. अर्धा इंची वेल्डेड जाळीच घ्या. एक आई आणि आठ-दहा पिल्लांना साधारण चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. वरूनही झाका, नाहीतर कोंबडी उडून आत येते. कोपरा बसायच्या दांडीखाली नको. रात्रभर विष्ठा खाली पडून भुसा ओला होतो आणि ओल्या भुशात कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग बळावतो. पिल्लांचं खाद्य-पाणी जाळीपासून हातभर आत ठेवा. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात गोटे टाका, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत.

आठ-दहा दिवसांनी जाळीच्या तळाशी अडीच इंच उंचीच्या दोन फटी करा. एकच फट ठेवली तर तिच्यासमोर एखादी कोंबडी ठाण मांडते आणि पिल्लू बाहेर अडकतं. अंधार पडायच्या तासभर आधी आईला दारातून बाहेर सोडा आणि दार लावून घ्या. पिल्लं फटीतून तिच्यामागे येतात आणि कोणी अंगावर आलं की त्याच फटीतून आत पळतात. खुराड्याच्या बाकी कोपऱ्यांत भिंतीला एकेक फळी तिरकी टेकवा. पिल्लू मरतं ते बहुधा कोपऱ्यात कोंडल्यावर. तासाभराने आई आणि पिल्लं पुन्हा आत. या काळात सगळ्यांनाच औषध न घातलेलं स्टार्टर द्या आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा पिल्लांची चोच पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा.

ब्रूडर, म्हणजे आईविना पिल्लांना कृत्रिम ऊब देणारी पेटी, मी मोजत नाही. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब सांभाळता येते, पण पुढे कळपात सोडताना बाजू घ्यायला आई नसते. आईच पिल्लांना टोचत असेल तेव्हा मात्र तोच उपाय.

खुराडं मुळातच दाटीचं असेल, तर जाळीचा आग्रह धरू नका, वेगळं करणंच बरं. एखादीच कोंबडी सारखी जाळीला धडका देत असेल, तर पिल्लांऐवजी तिलाच चार-पाच दिवस दुसरीकडे, दिसणार नाही अशी ठेवा. परतल्यावर तिचा स्वतःचाच मान उतरलेला असतो, पिल्लांकडे बघायला तिला सवड नसते.

आई पिल्लांना घेऊन रात्री बाकीच्यांबरोबर दांडीवर बसायला लागली की जाळी काढायला हरकत नाही.