समाजसेवा कक्ष, तळमजला: आमचा अनुभव

अण्णांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून अण्णांनी एकच धोशा लावला, "मला घरी न्या." साखर वाढलेली, तळव्याची जखम काळी पडलेली, आणि सही करायला ते तयार नाहीत. पाचव्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं, "खाली समाजसेवा कक्षात जा, मॅडमना भेटा." मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातला हा कक्ष. अशी सोय असते हे विट्याहून निघताना मला ठाऊकच नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

मला वाटलं, मदतीचे पैसे मिळायची जागा असेल. बाकावर पावणेदोन तास बसलो. दारावर पाटी होती, 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)'. मॅडमनी केस पेपर वाचला आणि पैशांआधी घरचं विचारायला लागल्या. घराला पायऱ्या किती, संडास आत की बाहेर, म्हशींची धार कोण काढतं, अण्णा कुणाचं ऐकतात. मग त्या स्वतः वॉर्डात आल्या आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. पहिली वीस मिनिटं पायाचा विषयच नाही, सगळं म्हशींवरच. आणि आम्हाला कुणालाच न सांगितलेलं अण्णा त्यांना सांगून गेले, "संडासला सुदिक पोरानं उचलून न्यायचं, असलं जगणं मला नगं."

आम्ही दोघे भाऊ त्यांना ऑपरेशनची भीती वाटते असं धरून चार दिवस समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तपासणीला आलेल्या एका गृहस्थांना, त्यांना विचारूनच, अण्णांकडे आणलं. त्यांना जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, बसवलेला. १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय घडवला तो आपल्या माणसाला उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. त्या गृहस्थांनी वॉर्डात खाली मांडी घालून दाखवली. अण्णांनी विचारलं, "बांधावरनं चालता येतं का?" ते म्हणाले, "रोज चालतो." मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं, "आता तुम्ही आग्रह करू नका. निर्णय त्यांचाच राहू द्या." संध्याकाळी अण्णांनी सही केली.

मॅडमच्या हाताखाली एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, एक विद्यार्थिनी होती. आठवड्यातले दोन दिवस ती क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, यायची. एकेका माणसाबरोबर काम ते व्यक्तिसहाय्य कार्य, शिवाय गटकार्य आणि समुदाय संघटन, हे सगळं शिकवतात असं तिच्याकडून कळलं. रुग्णाचा निर्णय रुग्णाचाच, हेसुद्धा शिकवलेलं असतं. आम्ही गावाकडे समाजसेवा म्हणजे गणपतीत रक्तदान शिबिर समजतो. या कामाचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था मुंबईतच, १९३६ साली नागपाड्यात सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. रुग्णालयातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली तीही इथेच, जे.जे.मध्ये, १९४६ साली. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. हे काम शिकायला मला तीन वर्षं लागली. माणसाची अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखण्याचंही शिक्षण असतं, हे मला तिथे पटलं.

पैशांचंही काम झालं. काही औषधं पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे रुग्णालयाच्या गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, मिळाली, बाकीसाठी मॅडमनी दोन ट्रस्टना पत्रं दिली. एका ट्रस्टनं दिले, दुसऱ्याकडून उत्तर आलं नाही. हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, खोटी आशा लावली नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद आणि जयपूर फूट कुठे बसवून घ्यायचा त्याचा पत्ता डिस्चार्जच्या आधी हातात दिला.

तक्रार आहे ती व्यवस्थेबद्दल. केस पेपर काढतो त्या खिडकीवर या कक्षाची पाटी नाही. सिस्टर बोलल्या नसत्या तर आम्ही अण्णांना घेऊन परत गेलो असतो, आणि त्याचा शेवट काय झाला असता ते मला लिहवत नाही. एकट्या मॅडमकडे कितीतरी वॉर्ड, चारनंतर खोली बंद. अपघाताचे रुग्ण रात्री येतात, त्यांच्या घरच्यांनी कुणाकडे जायचं? अशी माणसं वाढवायलाच हवीत.

तुमचं माणूस दाखल असेल तर पहिल्याच दिवशी 'समाजसेवक कुठे बसतात' असं विचारा. रेशनकार्ड, आधार, केस पेपर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज बरोबर ठेवा. घरच्या अडचणी लपवू नका.

घरी आल्यावर दीड महिन्यानं मॅडमचा फोन आला. अण्णांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "संडासात धरायला दांडी बसवली का?" बसवली होती, दुकानातल्या जीआय पाइपची, आणि अण्णांनी कुठल्या उंचीला हवी ते स्वतः दाखवलं होतं.