ईमॅक्स शिकायला घेताय? माझा रिव्ह्यू
ईमॅक्स म्हणजे मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर. फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं, आणि जीएनयू ईमॅक्स (म्हणजे त्याची नेहमीची आवृत्ती) १९८५ पासूनचं म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठं. सुरुवातीला हात पार बावरतात कारण कॉपी म्हणजे ऑल्ट-डब्ल्यू, पेस्ट म्हणजे कंट्रोल-वाय, आणि कंट्रोल-सी दाबलं तर ते नुसतं पुढच्या कीची वाट बघत बसतं. अशा वेळी कंट्रोल-जी, सगळं कॅन्सल! एवढं पाठ असलं तरी निम्मी भीती जाते. यूट्यूबवर भटकण्याआधी कंट्रोल-एच आणि मग टी दाबा, आतच ट्यूटोरियल आहे आणि खरंच चांगलंय, वाचता वाचता तिथेच हात चालवायचा. दुसऱ्यांच्या लांबलचक कॉन्फिग फाइल्स (सेटिंग्जच्या फाइल्स) उचलून टाकू नका हो, बिघडलं की कुठली ओळ नडतेय तेच कळत नाही. मला सगळ्यात आवडला तो ऑर्ग मोड, हेडिंगवर टॅब दाबत राहिलं की खालचा मजकूर मिटतो-उघडतो, नोट्सना एकदम झकास. आणि कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून देवनागरी-आयट्रान्स (इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवायची पद्धत) टाकलं की मराठी टायपिंगपण आतच. उद्या सबमिशन असेल तर मात्र याच्या नादी लागू नका, सुट्टीत घ्या. पाचपैकी चार, एक कापला त्या जुनाट टूलबारसाठी.