गवताळ सखल जमीन आणि भातखाचर: डासांमुळे पसरणारे दोन रोग
आरेच्या तबेल्यांमागे, म्हशींच्या खुरांच्या ठशांत साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या की मला दोन रोगांची तुलना करावीशी वाटते. केनियात १९३१ मध्ये ओळखला गेलेला रिफ्ट व्हॅली ज्वर वर्षानुवर्षे दबून राहतो, कारण एडिस डासांची विषाणूयुक्त अंडी कोरड्या सखल मातीत टिकून असतात आणि १९९७-९८ सारख्या एल निनोच्या अतिवृष्टीत पाणी भरले की ती उबून मेंढ्या-गुरांत गर्भपातांची लाट येते. जपानी मेंदूज्वराला असा विरळा पूर लागत नाही; भातखाचरातले क्युलेक्स डास, बगळे आणि डुकरे त्याला पुरतात. म्हशींना हे डास चावतात, पण त्यांच्यात विषाणू फारसा वाढत नाही. म्हणून पहिल्यासाठी पावसाच्या अंदाजावरून आगाऊ लसीकरण, तर दुसऱ्यासाठी वराहपालन खाचरांपासून दूर ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.