मणक्याच्या डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत कमरेचा पट्टा : सांगलीतल्या एका ब्लाऊज शिवणारीचा रिव्ह्यू

ब्लाऊजचं माप द्यायला येणाऱ्या बायका माझ्या कमरेचा पट्टा बघतात आणि मापाचं राहतंच बाजूला, "ताई फरक पडतोय का हो, मी पण घेऊ का" असं सुरू होतं. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मी खणभागात घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, सगळं. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून कंबर गेलीय. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाईव्हची डिस्क, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी, मागं सरकून नसेला लागतीय असं आलंय, त्यामुळं कंबर तर दुखतेच पण डावा पाय मांडीपासनं पार अंगठ्यापर्यंत मुंग्या येऊन बधिर होतोय. गोळ्या झाल्या, आता मणक्याच्या स्पेशालिस्टना दाखवायचंय. ते बाहेरगावाहून येतात, मिरजेत त्यांची ओपीडी महिन्यातनं ठरावीक दिवशीच असते, आणि आपला दिवस जवळ आला की फोन येतो, डॉक्टर येणार नाहीत, पुढची तारीख घ्या. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासनं कर्नाटकातनं कोकणातनं लोक मिरजेला उपचाराला येतात, आणि आपण शेजारी राहून वाट बघतोय याचं वाईट वाटतं. पण मणक्याचं बघणारे डॉक्टर मोजकेच आणि पेशंट ढीगभर, हे पण खरंय. प्रश्न एवढाच की तोपर्यंत करायचं काय, कारण घर थांबत नाही, लग्नसराई थांबत नाही, आणि नवरीचा ब्लाऊज मुहूर्ताच्या आधीच द्यावा लागतो.

म्हणून पट्टा. दुकानात लंबर बेल्ट नाहीतर एल-एस बेल्ट म्हणून मागायचा, साध्याला सातशे-आठशेपासनं पुढं पडतात.

पहिला घेतला तो सांगलीतल्याच एका दुकानातनं, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या पोरानं मला वरनं खाली बघितलं आणि म्हणाला "तुम्हाला लार्ज बसंल." टेप नाही, काही नाही. मी दिवसभर मापं घेणारी बाई, अर्ध्या इंचानं ब्लाऊज बिघडतो हे मला माहितीय, मी म्हटलं माप घ्या की, तर म्हणाला त्याची गरज नसते, अ‍ॅडजस्ट होतंय. काही होत नाही अ‍ॅडजस्ट! घरी येऊन घातला तर दोन्ही टोकं एकमेकांवर पूर्ण चढून पण सैलच, आणि खाली बसलं की अख्खा पट्टा सरकून बरगड्यांवर. परत न्यायला गेले तर "अंगाला लागलेला माल परत घेत नाही." आजारी माणूस पैसे मोजून आधार विकत घेतो तिथं टेप लावायला एक मिनिट जात नाही, याचा मला अजून राग आहे.

दुसरा मिरजेत दवाखान्यांच्या बाजूला सर्जिकल सामानाची दुकानं आहेत तिथनं घेतला. तिथं एक वयस्कर काका होते, त्यांनी उभं केलं, म्हणाले "श्वास सोडा, पोट आत ओढू नका," आणि बेंबीच्या रेषेत टेप फिरवून माप घेतलं, चौतीस इंच. मग खोक्यावरचा साईजचा तक्ता मला दाखवला, कारण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो म्हणे. पट्टा घालून दिला, खालची कड माकडहाडाच्या थोडी वर येते का बघितलं, आणि मला खुर्चीत बसवलं, उठवलं, परत बसवलं, आणि मगच पैसे घेतले. पट्टा घेताना एवढं झालंच पाहिजे, नाही केलं तर दुसरं दुकान बघा.

आता शिलाईचं सांगते, कारण ते मला कळतं. मागच्या बाजूला उभे कप्पे असतात, त्यात लवचिक स्टीलच्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांच्यामुळंच पाठ सरळ राहते. त्या कप्प्यांची तोंडं बघा, तिथं दोनतीनदा उलटसुलट शिलाई मारलेली पाहिजे, नाहीतर चारदोन महिन्यात पट्टीचं टोक बाहेर येऊन टोचतं. इलॅस्टिक हातानं ताणून सोडून बघा, कडेला लाट राहिली तर तो माल नको. माझ्या पट्ट्याला कडेनं पायपिंग चांगलंय, इलॅस्टिक पण दमदार आहे, वरनं ओढायच्या दोन जादा पट्ट्या आहेत त्यामुळं आधी सैल बांधून मग हवा तेवढा आवळता येतो. वेल्क्रो मात्र डोकेदुखी. काटेरी बाजूत माझ्याकडचे सगळे दोरे, लेसचे तुकडे जाऊन बसतात आणि पकड जाते, जुन्या टूथब्रशनं रोज साफ करावं लागतं, आणि शिफॉनच्या साडीला लागला की धागा ओढलाच म्हणून समजा.

साडी नेसणारीनं अजून एक बघायचं. परकराच्या नाडीची गाठ पट्ट्याखाली आली की ती पोटात रुतते, वळ उठतात. मी माझ्या परकरांना नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक घातलं. पट्टा परकरावरनं बांधून त्यावर साडी नेसली तर दिसत नाही, कुणी विचारत नाही, पण मग मधे काढता येत नाही, आणि काढता येणं जास्त महत्त्वाचं आहे. त्यामुळं मी सरळ साडीवरनं बांधते. लोक विचारतात, विचारू देत.

उन्हाळ्यात त्रास होतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याखाली बसून हा पट्टा म्हणजे घामोळं नक्की. त्यावर मी धुतलेल्या जुन्या मलमलच्या धोतराचं दुपदरी अस्तर आतनं लावलंय, मशीन मारलं नाही, इलॅस्टिकवर मशीन मारलं की त्याचा ताण मरतो, नुसता कच्चा टाका कडेकडेनं. दोन दिवसांनी उसवायचं, धुवायचं, परत घालायचं. पट्टा स्वतः हातानं, थंड पाण्यात, स्टीलच्या पट्ट्या काढून, आणि सावलीत वाळवायचा.

आता मुख्य. फरक पडतो का? बसून काम करताना पडतो. मशीनवर नकळत पुढं वाकणं होतं ते पट्टा होऊ देत नाही, वाकलं की वरची कड बरगडीला लागते आणि माणूस सरळ होतो. अ‍ॅक्टिव्हावरनं मिरजेला जाताना खड्ड्यातले हिसके कमी बसतात. पण पायातल्या मुंग्या तशाच, सकाळी उठताना जी कळ मारते ती तशीच. त्या पहिल्या दुकानातला पोरगा "महिनाभर घाला, गॅप भरून येतो" म्हणाला होता, ते साफ खोटं आहे, पट्ट्यानं मणक्यातलं काही भरून येत नाही.

हे मला विश्रामबागेतल्या फिजिओ मॅडमनी समजावलं. त्या म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या त्यात व्यायाम, स्वतःची काळजी कशी घ्यायची याची माहिती, हे सगळं आहे आणि कमरेचे पट्टे सरसकट देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. मी विचारलं मग काढून टाकू का. "नाही हो ताई, मशीनवर बसताना आधार म्हणून घाला, उठलात की काढा, झोपताना तर नाहीच. पण व्यायामाच्या बदल्यात घालत असाल तर मात्र टाकून द्या." हे मला पटलं. तेव्हापासनं सकाळी पट्टा न घालता आमराईत चालते, मॅडमनी दिलेले व्यायाम करते, स्वयंपाकाला उभं राहिलं की एक पाय पाटावर ठेवते, आणि एक बाही जोडून झाली की उठून दोन येरझाऱ्या. चालण्यानं मला पट्ट्यापेक्षा जास्त बरं वाटतंय, हे खरं ते सांगते. सासूबाई रात्री निर्गुडीच्या पाल्याचा शेक देतात, त्यानं झोप लागते.

मॅडमनी माझी अजून एक भीती घालवली. एमआरआयचा रिपोर्ट वाचून मी रात्र रात्र जागायचे. त्या म्हणाल्या, ज्यांचं काहीच दुखत नाही अशा पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण ६० टक्के लोकांत डिस्क फुगलेली दिसते, रिपोर्टमधला प्रत्येक शब्द म्हणजे आजार नव्हे, आणि सरकलेली डिस्क बऱ्याच जणांची ऑपरेशनशिवाय पण आक्रसते.

पण वाट कधी बघायची नाही हे पण त्यांनी कागदावर लिहून दिलंय, माझ्या मशीनसमोर चिकटवलंय. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी तुंबली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, पाऊल उचलेना, तर नंबर-बिंबर विसरून त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला जायचं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तरी पण थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

माझ्याकडनं पट्ट्याला पाचपैकी तीन स्टार, आणि माप घेणाऱ्या मिरजेच्या काकांना पाचपैकी पाच. बसून काम करणारीनं, प्रवास करणारीनं घ्यायला हरकत नाही. पोटुशी बाई, हर्नियावाले, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका, पट्टा पोटावर दाब देतो. ऑनलाईन मागवणार असाल तर आधी घरी कुणाकडनं तरी बेंबीजवळ टेप लावून घ्या, आणि साईज बदलून मिळते का ते पैसे भरायच्या आधी वाचा.